प्रतिजैविक थांबवण्याचा दिवस : अतिदक्षता विभागात प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी कसे वापरावे

सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेला, रुग्ण अतिदक्षता विभागात आला की प्रतिजैविक सुरू करण्याबाबत कोणाचे दुमत नसते. रक्तदाब खाली गेलेला, श्वास वाढलेला, लघवी कमी झालेली, अशा अवस्थेत कल्चरचे (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) नमुने घेऊन तासाभरात पहिला डोस द्यायचा, हे रात्रपाळीच्या सर्वांत कनिष्ठ डॉक्टरलाही पाठ असते. तेच औषध पाचव्या किंवा सातव्या दिवशी कोणी बंद करायचे, हे मात्र केसपेपरवर कुठेच लिहिलेले नसते. सकाळचा राउंड एक डॉक्टर घेतो, संध्याकाळचा दुसरा; ज्याने औषध सुरू केले तो तोवर रजेवर गेलेला असतो; रुग्ण सुधारत असतो, आणि मग प्रत्येक जण कालच्या पानावरची औषधे आजच्या पानावर जशीच्या तशी उतरवतो. मी स्वतः अशी कितीतरी पाने उतरवलेली आहेत. त्यामुळे सात दिवसांत संपायला हवा तो कोर्स बारा-चौदा दिवस चालतो आणि त्या जादा दिवसांची किंमत मूत्रपिंडे, आतड्यांतले उपकारक जीवाणू आणि शेजारच्या खाटेवरचा रुग्णही मोजत असतो, कारण एका शरीरात तयार झालेला प्रतिरोधी जीवाणू तिथेच थांबत नाही.

हा लेख त्या थांबवण्याच्या निर्णयाविषयी आहे. गोव्यातल्या आणि आसपासच्या अतिदक्षता विभागांत काम करणारे निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांना रक्तातल्या दोन चाचण्यांचा, म्हणजे प्रोकॅल्सिटोनिनचा आणि सीआरपीचा, या निर्णयासाठी रोजच्या रोज कसा उपयोग करता येईल, ते येथे क्रमाने मांडले आहे.

चाचणीमागचे शरीरशास्त्र, जेवढे लागते तेवढेच

प्रोकॅल्सिटोनिन, ज्याला पुढे पीसीटी म्हणू, हे कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे ११६ अमिनो आम्लांचे पूर्वरूप होय. निरोगी माणसात ते थायरॉइडच्या काही पेशींत तयार होते आणि रक्तात त्याचे प्रमाण नगण्य असते. गंभीर जीवाणुसंसर्गात यकृतासह शरीरातल्या इतर अनेक ऊती ते बनवू लागतात, आणि रक्तातला आकडा शेकडो पटींनी वाढू शकतो. सेप्सिसशी असलेले हे नाते १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झाले. थांबवण्याच्या दृष्टीने त्याचा वेग महत्त्वाचा आहे. संसर्ग सुरू झाल्यावर साधारण चार तासांत ते चढू लागते, एका दिवसात शिखर गाठते, आणि संसर्ग आटोक्यात आला की दर चोवीस तासांनी साधारण निम्मे होत जाते.

सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन) हे प्रथिन यकृतात बनते आणि पीसीटीपेक्षा उशिरा हलते. त्याचे शिखर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, आणि शस्त्रक्रिया, संधिवाताचे आजार, स्वादुपिंडाची सूज, साधी मोठी जखम अशा कोणत्याही दाहात ते वाढते. ते स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेतही होते, हा त्याचा मोठा गुण.

पुरावा काय सांगतो

या विषयात दोन प्रश्नांची गल्लत होते, आणि पुरावा त्यांना वेगवेगळी उत्तरे देतो. पहिला प्रश्न असा की आकडा पाहून प्रतिजैविक सुरू करावे का किंवा वाढवावे का. याचे उत्तर नकारार्थी आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या संशोधन-चाचणीत (ट्रायलमध्ये) १,२०० रुग्णांपैकी एका गटात पीसीटी चढला की औषधे आणि तपासण्या वाढवल्या गेल्या. मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही, उलट अतिदक्षता विभागातला मुक्काम लांबला. सेप्सिसच्या २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही सुरुवात करण्यासाठी पीसीटी वापरू नये असेच सुचवले आहे. शॉकमधल्या (रक्तदाब धोकादायक घसरलेल्या) रुग्णाचा पीसीटी ०.३ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर आला म्हणून पहिला डोस रोखून धरणे ही चूक कोणी करू नये.

दुसरा प्रश्न असा की सुरू केलेले औषध थांबवताना आकड्याची मदत होते का. इथे पुरावा बराच एका दिशेचा आहे. फ्रान्समधल्या २०१० सालच्या चाचणीत पीसीटीच्या गटाला पहिल्या २८ दिवसांत प्रतिजैविकाशिवायचे सरासरी १४.३ दिवस मिळाले, तर नेहमीच्या उपचारांच्या गटाला ११.६. नेदरलँड्समधल्या २०१६ सालच्या, दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत उपचाराचा मध्यक कालावधी सातवरून पाच दिवसांवर आला आणि २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांऐवजी २० टक्के होते. या शेवटच्या आकड्यावर फार भार टाकू नये असे माझे मत आहे. मृत्यू कमी होतात असे सिद्ध झाले, असे म्हणण्याऐवजी लवकर थांबवल्याने ते वाढत नाहीत, एवढेच मी त्यातून घेतो.

ब्रिटनमधल्या ४१ अतिदक्षता विभागांत झालेली, २,७६० रुग्णांची चाचणी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची रचना विशेष होती. डॉक्टरांना आकडा दाखवलाच जात नव्हता, फक्त रोज 'थांबवण्यास हरकत नाही' किंवा 'नेहमीचे उपचार करा' अशा आशयाचा सल्ला मिळत होता. पीसीटीच्या गटात एकूण कालावधी १०.७ वरून ९.८ दिवसांवर आला आणि मृत्यूच्या बाबतीत तो गट नेहमीच्या उपचारांपेक्षा वाईट ठरला नाही. सीआरपीच्या गटात कालावधीत काहीच फरक पडला नाही. एका दिवसापेक्षाही कमी बचत पाहून काहींची निराशा झाली. परंतु तिथे नेहमीचे उपचारच बरेच शिस्तीचे होते, हे ध्यानात घ्यावे. जिथे चौदा दिवसांची सवय आहे तिथे याच साधनाने अधिक दिवस वाचण्यास वाव आहे. आणि जिथे प्रत्येक रुग्णाची समाप्तीची तारीख पहिल्याच दिवशी लिहिली जाते व पाळली जाते, तिथे पीसीटीची तपासणी नसली तरी फारसे बिघडत नाही.

कोणत्या रुग्णाला हा नियम लावू नये

पीसीटी ठरावीक प्रमाणात उतरला की औषध थांबवायचे, हा तो नियम; त्याचे आकडे पुढे येतील, पण त्याआधीची ही पायरी कोणी गाळू नये. काही संसर्गांत उपचाराचा कालावधी अवयव आणि जंतू ठरवतात, आणि तिथे पीसीटी खाली आला तरी औषध चालूच राहते. हृदयाच्या झडपांचा संसर्ग, हाडांचा संसर्ग, मेंदूतला गळू, आणि रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडणे ही त्यांची ठळक उदाहरणे. स्टॅफिलोकॉकसच्या बाबतीत, अगदी गुंतागुंत नसली तरी, पहिल्या निर्जंतुक कल्चरपासून किमान चौदा दिवस मोजायचे असतात. ज्याचा पू बाहेर काढलेला नाही असा कोणताही गळू, तसेच पांढऱ्या पेशी अत्यंत घटलेला किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणारा रुग्णही या नियमाबाहेर ठेवावा. अशा रुग्णांना बहुतेक चाचण्यांतून वगळलेलेच होते.

आपल्या भागासाठी या यादीत मेलिऑइडोसिस आवर्जून लिहावा लागतो. पश्चिम किनारपट्टीच्या चिखलात-पाण्यात राहणारा हा जीवाणू पावसाळ्यात, आणि बहुतांशी मधुमेही माणसाला, न्यूमोनिया किंवा यकृत-प्लीहेतले गळू घेऊन येतो. त्याला शिरेतून किमान १० ते १४ दिवस आणि त्यानंतर तोंडावाटे तीन महिने किंवा अधिक औषध लागते. पाचव्या दिवशी पीसीटी सुरेख उतरला म्हणून इथे मेरोपेनेम हे प्रतिजैविक थांबवणे म्हणजे रुग्णाला पुन्हा आजारात ढकलणे होय. क्षयाचेही तसेच, क्षयाची औषधे पीसीटीवर कधीच मोजली जात नाहीत.

उलट बाजूची फसवणूकही इथलीच आहे. जून ते ऑक्टोबर या काळात तापाचा जो रुग्ण व्हेंटिलेटरवर येतो, त्याला लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, फॅल्सिपेरम मलेरिया किंवा डेंगी यांपैकी काहीही असू शकते. फॅल्सिपेरम मलेरियात जीवाणू नसतानाही पीसीटी चांगलाच वाढतो. त्यामुळे 'पीसीटी २० आहे, म्हणजे जीवाणूच' असे म्हणून मेरोपेनेम चालू ठेवण्यापूर्वी मलेरियाच्या स्मिअर आणि रॅपिड टेस्ट यांचे निकाल हातात असावेत. लेप्टो व स्क्रब टायफसमध्येही आकडा वर जातो, मात्र त्यांचे औषध ठरलेले आहे आणि साधारण सात दिवसांत संपते. निदान पक्के झाल्यावर तिथे पीसीटीच्या आलेखाची गरज उरत नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात येणारा माकडताप विषाणूचा आहे, आणि त्यासाठी सुरू केलेले प्रतिजैविक दुसरा संसर्ग नसल्याची खात्री होताच, कोणताही आकडा न मोजता बंद करता येते.

पहिला दिवस : शिखर पकडणे

पहिला नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसच्या वेळीच, कल्चरसोबत पाठवावा, आणि दुसरा त्यानंतर चोवीस तासांनी. दोन नमुन्यांचा आग्रह का धरायचा, तर पीसीटीचे शिखर बहुधा दुसऱ्या नमुन्यात सापडते आणि पुढचा सगळा हिशेब त्या शिखरावर उभा असतो. या दोन दिवसांत आकडा वाढला म्हणून औषध बदलू नये; संसर्ग आटोक्यात येण्यापूर्वी झालेली ती वाढ असते.

त्याच दिवशी केसपेपरवर चार गोष्टी लिहाव्यात. संसर्ग कुठे असावा असे वाटते, पहिला डोस कोणत्या तारखेला व किती वाजता दिला, या ठिकाणच्या संसर्गाला एरवी किती दिवस औषध देतात, आणि थांबवण्याचा विचार कोणत्या दिवशी करायचा. या चार ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात. मला विचाराल तर पीसीटीच्या चाचणीपेक्षाही या चार ओळींनी वाचवलेले दिवस जास्त भरतील.

गोव्यात इथे एक व्यवहाराची अडचण येते. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा एखाद्या मोठ्या खाजगी रुग्णालयात येणारा रुग्ण पुष्कळदा आधी दुसरीकडे दोन-तीन दिवस राहून आलेला असतो. कोणी मडगावहून येतो, कोणी म्हापशाहून, कोणी सावंतवाडी-दोडामार्गहून किंवा कारवारहून. त्याला आधीच सेफ्ट्रिअॅक्सोन हे प्रतिजैविक मिळालेले असते, पीसीटीचे शिखर होऊन गेलेले असते, आणि आपण घेतलेला 'पहिला' आकडा प्रत्यक्षात उतरणीवरचा असतो. अशा रुग्णाचे दिवस आपल्या दारापासून मोजू नयेत; योग्य औषधाचा पहिला डोस जिथे मिळाला तिथून मोजावेत. संदर्भचिठ्ठीत तारीख नसेल तर त्या रुग्णालयात फोन करून विचारावी. आणि रुग्ण पुढे पाठवण्याची वेळ आपल्यावर आली, तर औषधाचे नाव, पहिल्या डोसची वेळ, आजवरचे पीसीटीचे सगळे आकडे आणि ते कोणत्या प्रयोगशाळेत झाले, हे चिठ्ठीत लिहून द्यावे.

तिसऱ्या दिवसापासून : नियम आणि त्याचा हिशेब

पहिल्या ७२ तासांत 'थांबवू का' हा प्रश्न आकड्याला विचारू नये, असा माझा रिवाज आहे. दर दिवशी निम्मे या गतीने ८० टक्के उतरायला शिखरानंतर सव्वादोन-अडीच दिवस लागतात, त्यामुळे त्याआधी होकार मिळण्याची शक्यता तशीही कमी असते. (जीवाणुसंसर्ग नाहीच असे दुसरे निदान पक्के झाले, तर अर्थातच औषध त्याच क्षणी बंद करावे.) तिसऱ्या दिवसापासून रोज किंवा, खर्चाचा विचार करता, एक दिवसाआड नमुना पाठवावा. फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या चाचण्यांत वापरलेला नियम असा आहे : आकडा शिखरापासून ८० टक्के किंवा अधिक उतरला असेल, अथवा ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरपर्यंत खाली आला असेल, तर थांबवण्याचा विचार करावा. तो ०.२५ च्याही खाली गेला असेल तर ती शिफारस अधिक ठाम समजावी.

हिशेब कळावा म्हणून एक रचलेले उदाहरण घेऊ. डिचोलीकडच्या ६२ वर्षांच्या मधुमेही बाईंना मूत्रवाहिनीत खडा अडकून सेप्सिस झाला आहे. त्या रात्रीच यूरॉलॉजिस्टने स्टेंट (बारीक नळी) घालून अडथळा मोकळा केला. पीसीटी पहिल्या दिवशी २२.६, दुसऱ्या दिवशी ३८.४, तिसऱ्या दिवशी २१.०, चौथ्या दिवशी ११.८ आणि पाचव्या दिवशी ६.९ आला. शिखर ३८.४ आहे. त्याचे २० टक्के म्हणजे ७.७, पाचव्या दिवसाचा ६.९ हा आकडा त्याखाली आहे, म्हणजे ८२ टक्के उतार झाला. नियम पूर्ण झाला. आता रुग्णाकडे पाहावे : ताप नाही, नॉरअॅड्रेनलिन (रक्तदाब टिकवणारे औषध) बंद होऊन दीड दिवस झाला, लघवी भरपूर आहे, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन खाली येते आहे, कल्चरमध्ये सापडलेला इ. कोलाय हा जीवाणू दिलेल्या औषधाला दाद देणारा आहे. इथे थांबवावे.

याच उदाहरणात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, ६.९ हा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर ठळक अक्षरांत, 'गंभीर सेप्सिसची दाट शक्यता' अशा शेऱ्यासह छापलेला येतो आणि राउंडवर सगळे दचकतात. तो शेरा पहिल्या दिवसाच्या, औषध न घेतलेल्या रुग्णासाठी आहे. उतरणीवरच्या आकड्याला तो लागू नाही. दोन, दुसऱ्या दिवसाचा नमुना घेतलाच नसता, तर २२.६ हेच शिखर धरले गेले असते, त्याचे २० टक्के म्हणजे ४.५, आणि तोच रुग्ण पाचव्या दिवशी 'अजून नाही' या खान्यात गेला असता. एका चुकलेल्या नमुन्याने निदान एक दिवस औषध वाढले असते.

०.५ च्या नियमातही एक खोच आहे, जी नवख्या डॉक्टरच्या ध्यानात सहसा येत नाही. ज्या रुग्णाचे शिखरच ०.४ होते, त्याच्यासाठी हा नियम पहिल्या दिवसापासून पूर्ण झालेला असतो. याचा अर्थ औषध पहिल्याच दिवशी बंद करावे असा नाही. संसर्ग आहे अशी रुग्णाकडे पाहून खात्री असेल, तर या रुग्णात पीसीटी बोलतच नाही एवढेच समजावे आणि त्या संसर्गाला ठरलेला कालावधी पाळावा. खात्री नसेल, तर मुळात संसर्ग होता का, हा प्रश्न पुन्हा उघडावा; हृदय निकामी झाल्याने फुप्फुसात साठलेले पाणी न्यूमोनिया म्हणून किती वेळा उपचार घेऊन जाते, हे आपण सगळे जाणतो.

नियम पूर्ण झाला म्हणजे आज्ञा झाली, असे नव्हे. चाचण्यांतही जवळपास निम्म्या रुग्णांत डॉक्टरांनी सल्ला लगेच पाळलेला नव्हता. रुग्ण अजून वाढत्या डोसच्या नॉरअॅड्रेनलिनवर असेल, ड्रेनमधून पू येत असेल, तर आकडा काहीही म्हणो, थांबवू नये. मात्र नकार द्यायचा तर कारण लिहावे. 'वाट पाहू' हे कारण नव्हे. 'ड्रेनमधून ६० मिलीलिटर पू, उद्या सीटी स्कॅन' हे कारण आहे.

वरची मर्यादाही तितकीच पक्की ठेवावी. नियम थांबवण्यासाठी आहे, लांबवण्यासाठी नाही. व्हेंटिलेटरमुळे झालेल्या न्यूमोनियात आठ दिवसांचा कोर्स पंधरा दिवसांच्या बरोबरीचा ठरतो, हे २००३ सालापासून ज्ञात आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस सोडून इतर जीवाणूंच्या रक्तसंसर्गात सात दिवसांचे उपचार चौदा दिवसांच्या तोडीचे ठरतात, हे सात देशांतल्या ३,६०८ रुग्णांच्या चाचणीने दाखवले आहे. आणि पोटातला संसर्ग शस्त्रक्रियेने नीट साफ केला असेल तर साधारण चार दिवस पुरतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण बरा दिसत असेल आणि हा कालावधी संपला असेल, तर पीसीटी ८० ऐवजी ७० टक्केच उतरला आहे म्हणून औषध ओढत बसू नये.

आकडा उतरत नाही तेव्हा

शिखरानंतर दोन दिवसांत पीसीटी हलत नसेल किंवा उतरून पुन्हा चढला असेल, तर हात पटकन अधिक ताकदीच्या प्रतिजैविकाकडे जातो. तो आवरावा. आधी रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत तपासावे. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) किती दिवसांची आहे, शस्त्रक्रियेची जखम आतून कशी आहे, पोटात किंवा छातीत साठा राहिला आहे का, लघवीची नळी तुंबली आहे का, पाठीवर शय्याव्रण झाले आहे का, हे पाहून सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करावा आणि नवीन कल्चर पाठवावे. न उतरणाऱ्या पीसीटीमागे बाहेर न काढलेला पू असतो, हा माझा अनुभव इतक्या वेळचा आहे की सर्जनला फोन मी औषध बदलण्याआधी करतो. त्यानंतर कल्चरमधला जीवाणू दिलेल्या औषधाला दाद देतो का आणि डोस पुरेसा आहे का, ते तपासावे. कॅन्डिडासारख्या बुरशीच्या संसर्गात पीसीटी अनेकदा थोडाच वाढतो, त्यामुळे कमी आकड्यावरून बुरशी नाही असे ठरवता येत नाही.

संसर्गाशिवायही आकडा वर राहण्याची कारणे ठाऊक असावीत. मोठा अपघात, भाजणे, मोठी शस्त्रक्रिया, हृदय बंद पडून पुन्हा सुरू होणे, लांबलेला हृदयजन्य शॉक आणि स्वादुपिंडाची तीव्र सूज यांत पीसीटी पहिले दोन-तीन दिवस वाढलेला असतो. मूत्रपिंडे निकामी असतील तर तो सावकाश उतरतो, आणि डायलिसिसच्या काही प्रकारच्या फिल्टरमधून थोडाफार निघूनही जातो. त्यामुळे डायलिसिस चालू असताना उतार दिसला तर श्रेय कोणाला द्यायचे ते सांगणे कठीण होते. अशा रुग्णात नमुना नेहमी एकाच वेळी, डायलिसिस सुरू करण्यापूर्वी घ्यावा आणि आकड्याला निम्मेच वजन द्यावे.

पीसीटी नसेल तर सीआरपी

रात्री, सुटीच्या दिवशी किंवा लहान रुग्णालयात पीसीटी मिळत नाही, आणि मिळाला तरी सीआरपीच्या कित्येक पट महाग पडतो. ब्रिटनमधल्या चाचणीनंतर सीआरपीला बरोबरीचे स्थान देता येत नाही. तरीही काहीच नसण्यापेक्षा त्याचा उतार पाहणे बरे, असे मी मानतो. ब्राझीलमधल्या २०१३ सालच्या एका छोट्या अभ्यासात तो पीसीटीच्या तोडीस उतरला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी तो शिखराच्या निम्म्यावर आला असेल किंवा २५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेला असेल आणि रुग्ण सुधारत असेल, तर ठरलेल्या कालावधीच्या अखेरीस औषध न घाबरता बंद करायला तो आधार पुरतो.

सीआरपी वाचताना एकक पाहावे. आपल्याकडे काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहा पटींचा फरक आहे. कालचा १८० आणि आजचा १४ हे आकडे पाहून एका पहाटे मी खूश झालो होतो. आजचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला होता आणि तो १४ म्हणजे प्रत्यक्षात १४० होता. यकृत निकामी झालेल्या रुग्णात सीआरपी पुरेसे बनतच नाही, आणि टोसिलिझुमॅब हे दाह दाबणारे औषध दिले असेल तर ते कित्येक आठवडे दबून राहते. अशा वेळी कमी सीआरपीवर विसंबू नये. टोसिलिझुमॅबनंतर पीसीटीवरही पूर्ण भरवसा नको.

पीसीटीच्या बाबतीत नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही एकके एकच आहेत, हा दिलासा. परंतु निरनिराळ्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून एका रुग्णाचे सर्व नमुने एकाच प्रयोगशाळेत जावेत. पट्टीच्या रंगावरून 'अर्धा ते दोन', 'दोन ते दहा' असे सांगणारी तपासणी टक्केवारीच्या हिशेबाला निरुपयोगी आहे.

थांबवल्यानंतर

औषध बंद करण्याचा निर्णय सकाळच्या राउंडवर घ्यावा, रात्री नव्हे. म्हणजे पुढचे दहा-बारा तास पूर्ण चमू रुग्णाजवळ असतो. बंद केल्याची नोंद आणि कारण सिस्टरच्या चार्टवरही उतरावे, नाहीतर संध्याकाळचा डोस सवयीने दिला जातो. त्यानंतर ४८ तास ताप, रक्तदाब, श्वास आणि लघवी यांवर नेहमीसारखेच लक्ष ठेवावे. या काळात पीसीटी रोज पाठवायची गरज नाही. रुग्ण ठीक असताना केलेली तपासणी केवळ गोंधळ वाढवते.

नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे, हे मी चुकांतून शिकलो. शिरेतली बाटली निघाली की बाहेर बसलेला मुलगा विचारतो, "दोतोर, वखद कित्याक बंद केलें?" (डॉक्टर, औषध का बंद केले?) त्याच्या मनात खर्च संपला म्हणून उपचार संपवले, ही शंका असते. त्याला आलेख दाखवावा. आकडा पहिल्या दिवशी इथे होता, आज इथे आला, आईंचा ताप गेला, यापुढे हे औषध मूत्रपिंडांना त्रास देईल म्हणून काढले, बाकीचे सगळे उपचार चालू आहेत, असे साध्या शब्दांत सांगितले की बहुतेकांना ते पटते. उतरती रेघ कोणालाही वाचता येते.

ताप पुन्हा आला तर आधीचे औषध आपोआप परत सुरू करू नये. रुग्ण स्थिर असेल तर तपासणी, नवीन कल्चर आणि नवीन पीसीटी आधी. रुग्ण शॉककडे झुकत असेल तर कल्चर घेऊन लगेच औषध, आणि तेही या नव्या संसर्गाचा जंतू आता बहुधा रुग्णालयातला असेल हे गृहीत धरून निवडलेले. जुने शिखर या हिशेबात वापरायचे नाही. केसपेपरवर रेघ मारून नवा पहिला दिवस लिहावा आणि त्याखाली त्याच चार ओळी.